आईबाबांना घेऊन जपानच्या डोंगरातल्या ओन्सेनला जावं का?

सांजवात_ठाणे
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं जपानला चाललोय, मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबा ७१, आई ६६. तोक्यो-क्योतो-नारा वगैरे नेहमीचं ठरलंय, पण नवऱ्याने आता नवीनच खूळ काढलंय. उत्तरेला अकिता प्रांतात न्यूतो ओन्सेन म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांची जागा आहे, डोंगरात, चारी बाजूंनी जंगल, तिथल्या एखाद्या जुन्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीत, एक रात्र राहायचं म्हणतो. फोटो बघितले तर खरंच वेड लागतं, कमरेइतका बर्फ, दुधासारखं पांढरं पाणी, गवताने शाकारलेली घरं. पण माझ्या शंका अशा:

आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा मासे आवडीने खातात, त्यांचा प्रश्न नाही. दुसरं म्हणजे तिथे सगळ्यांबरोबर अंगावर काहीही न घालता उतरायचं असतं हे मी आईला अजून सांगितलेलंच नाही. तिसरं, भाव खोलीचा नसतो, माणशी असतो म्हणे, म्हणजे चौघांचे चौपट. आणि जाऊन येऊन दोन दिवस मोडणार ते वेगळंच.

कोणी जाऊन आलंय का? पैसे वसूल होतात का, की नुसतीच फोटोची हौस?

तिरपागडा
आईला विमानात बसल्यावर सांगा. दार बंद झाल्यावर.

घोडबंदर_लोकल
+१. तेही जेवण झाल्यावर.

सायतामाकर
अकरा वर्षं इथे आहे, न्यूतोला तीनदा गेलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

न्यूतो हे एक हॉटेल नाही, डोंगराच्या कुशीत पसरलेल्या सात सरायी आहेत. सगळ्यात जुनी आणि प्रसिद्ध म्हणजे त्सुरुनोयु. त्सुरु म्हणजे क्रौंच, शिकाऱ्याला तिथे जखमी क्रौंच पाण्यात पाय शेकताना दिसला अशी कथा सांगतात. १६३८ साली अकिताचा दुसरा सरदार सातागे, माफ करा, साताके, इथे उपचारासाठी येऊन राहिला होता. त्याच्या पहारेकऱ्यांच्या राहण्याची ती गवती छपराची लांबट इमारत, फोटोत तुम्ही बघितलीत तीच. तिथल्या खोल्यांत मध्ये जमिनीत चूल असते, इरोरी, तिच्याभोवती काड्यांना टोचून मीठ लावलेले नदीतले मासे भाजत उभे केलेले असतात. त्या खोल्या मिळणं मात्र नशिबाचं काम, दुसऱ्या इमारतीतली मिळाली तरी नाही म्हणू नका, अंघोळ सगळ्यांना तीच.

जायचं कसं: तोक्योहून अकिता शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, कोमाची नावाची गाडी, साधारण तीन तासात ताझावाको. सगळी आसनं आरक्षितच असतात, आयत्या वेळी चढू नका. तिथून बस, मग बसथांब्यावर सरायीची गाडी न्यायला येते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. देशभर फिरायचा सात दिवसांचा जेआर रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला, त्यामुळे हिशेब न करता तो घेऊ नका, जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा वेगळा पास असतो तो बघा.

माणशी भाव ऐकून घाबरू नका, त्यात रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरलेलं असतं. पण म्हणूनच संध्याकाळी पाचच्या आत पोचा. जेवण सहाच्या सुमारास. उशिरा गेलात तर जेवण गेलं, आणि आजूबाजूला वडापावची गाडी नाहीये.

जाईजुई_पुणे
सायतामाकर, मस्त माहिती. नग्नतेबद्दल काही बोलला नाहीत, सोयीस्कर विसरलात.

सायतामाकर
हाहा, विसरलो नाही, दमलो होतो. बायका आणि पुरुष वेगळे असतात बहुतेक ठिकाणी. त्सुरुनोयुचा जो मोठा उघड्यावरचा कुंड फोटोत दिसतो तो मिश्र आहे, पण बायकांसाठी वेगळा उघडा कुंड आहेच. आणि पाणी इतकं पांढरं की बसल्यावर मानेखालचं काही दिसत नाही. अडचण फक्त काठापासून पाण्यापर्यंतच्या चार पावलांची.

आओमोरीतल्या सुकायुला हजार जणांचं स्नानगृह म्हणतात तसं प्रचंड लाकडी स्नानगृह आहे, तेही मिश्र, पण तिथे बायकांना अंगात घालायला खास झगा विकत मिळतो. पोहण्याचा पोशाख मात्र पारंपरिक ठिकाणी चालत नाही, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. त्या टॉवेलची घडी डोक्यावर टिकवणं हेच खरं कौशल्य.

वऱ्हाडी_ठेचा
काय बाप्पा, इतके पैसे देऊन आंघोळ? आमच्या किनवटजवळ उनकेश्वरले जा ना, गरम पाणी फुकट, वरून महादेवाचं दर्शन.

कोकमसार
वऱ्हाडी भाऊ, आमच्या दापोलीजवळचं उन्हवरे पण घ्या यादीत. आणि राजापूरला तर गावाचं नावच उन्हाळे. तुरळ, राजवाडी, आरवली, सगळीकडे आहे. लहानपणी मे महिन्यात आजोबा न्यायचे, आधीच घामाच्या धारा आणि वर कढत पाण्यात उतरवायचे, खरूज जाते म्हणून. मला खरूज नव्हतीच.

सनावळीचा_शौकीन
एक फरक नोंदवतो. जपानचे बरेचसे झरे ज्वालामुखीच्या उष्णतेवर तापतात. आपल्या कोकणातले ज्वालामुखीचे नाहीत, भेगांतून खोल गेलेलं पावसाचं पाणी तिथे तापून परत वर येतं. आणि जपानमध्ये ओन्सेन कशाला म्हणायचं याचा १९४८ चा कायदा आहे. पाणी उगमापाशी किमान २५ अंश असावं, किंवा ठरलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असावा. म्हणजे गार पाणीसुद्धा कायद्याने गरम झरा ठरू शकतं, तापवून देतात मग.

तिरपागडा
म्हणजे आमच्या सोसायटीच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये कायदेशीर ओन्सेन आहे.

सनावळीचा_शौकीन
विनोद बाजूला, पण या व्याख्येमुळेच घोळ होतात. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या पांढऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी काही स्नानगृहांत पाण्याला पांढरा रंग यावा म्हणून भुकटी टाकत होते हे उघड झालं, देशभर बोंब झाली. तेव्हापासून लोक विचारायला लागले की पाणी झऱ्यातून थेट येऊन वाहून जातं की तेच तेच गाळून फिरवतात. थेट वाहतं असेल तर गेन्सेन काकेनागाशी असं लिहिलेलं असतं, तेवढे दोन शब्द ओळखीचे करून ठेवा.

अवांतर: जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे तेही ओन्सेनचंच, यामानाशीतलं केइउन्कान, इ.स. ७०५ पासूनचं.

चहा_कमी_साखर
मी विरुद्ध बाजूने बोलते, कोणीतरी बोलायला हवं. आम्ही गेलो होतो अशाच एका लांबच्या र्योकानला, नाव नको, जागा वाईट नव्हती, चूक अर्धी आमचीच. आम्ही दोघं शाकाहारी. ईमेलमध्ये मांस-मासे नको लिहिलं होतं, त्यांनी हो म्हटलं. गेल्यावर बारा वाट्या मांडल्या समोर, इतक्या सुंदर की हात लावायला नको वाटेल, आणि बाराही वाट्यांत कुठे ना कुठे मासा. कारण त्यांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच, ते पाणी आहे! सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क, मिसो सूपमध्ये तोच, भाजी शिजवायला तोच, टोफूवरही तोच. त्या बाई बिचाऱ्या गुडघे टेकून दर दहा मिनिटांनी नवीन वाटी आणतायत, आम्ही नुसता भात आणि लोणचं खातोय, त्यांना वाटतंय आमचं काही चुकलं, त्या माफी मागतायत, आम्ही माफी मागतोय. नंतर खोलीत जाऊन बॅगेतला चिवडा. त्यात जमिनीवर गादी, नवऱ्याचे गुडघे, आणि नऊ वाजता सगळीकडे सामसूम. पूर्ण पैसे दिले. मी परत जाणार नाही.

सांजवात_ठाणे
बापरे. हीच भीती होती.

सायतामाकर
चहाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. नुसतं मांस-मासे नको लिहून उपयोग नसतो. कात्सुओबुशी, म्हणजे तो माशाचा कीस, नको, दाशी कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाचं असेल तर चालेल, असं सुटं सुटं जपानीत लिहावं लागतं, आणि काही सरायी सरळ सांगतात की जमणार नाही. जमणार नाही म्हणणारे प्रामाणिक समजा. न्यूतोच्या भागातलं खास जेवण म्हणजे डोंगरी कंदाच्या गोळ्यांचं मिसो घातलेलं कालवण, त्यातही मांस असतं, तेव्हा आधीच विचारा.

गुडघ्यांसाठी उंच बैठकीची खुर्ची मागता येते. हल्ली पलंग असलेल्या खोल्याही असतात.

डॉ_काढा
बाबा ७१ म्हणालात, म्हणून दोन शब्द. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. थंडगार कपडे बदलायच्या खोलीतून एकदम ४२ अंश पाण्यात उतरणं हा शरीराला मोठा झटका असतो, जपानमध्ये हिवाळ्यात म्हातारी माणसं घरच्या टबातसुद्धा यामुळे दगावतात. आधी पायांवर, मग हळूहळू वर असं तांब्याने पाणी घ्यायचं, त्याला काकेयु म्हणतात. पाच ते दहा मिनिटं पुरे. उठताना कठडा धरून सावकाश उठायचं, आणि एकट्याने जायचं नाही. अंघोळीआधी साके, म्हणजे तिथली दारू, अजिबात नाही, बाबांनी कितीही आग्रह केला तरी.

गरोदर बायकांनी जाऊ नये अशी पाटी जुन्या ठिकाणी अजून दिसते, पण तिथल्या सरकारने २०१४ मध्येच ते निषिद्धच्या यादीतून काढलंय.

घोडबंदर_लोकल
डॉक्टर, अंघोळीनंतर चालेल ना?

डॉ_काढा
आधी दोन ग्लास पाणी. मग तुमची इच्छा.

रानभैरी
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. स्नानगृहाच्या दारावरचे बायका-पुरुषांचे पडदे रात्री बदलतात! सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. दोन्ही कुंडांचा आनंद दोघांना मिळावा म्हणून रात्री किंवा पहाटे पुरुषांचा निळा पडदा इकडचा तिकडे. आमच्या दादाने रात्री डावीकडचं दार पाठ केलं, पहाटे साडेपाचला झोपेत त्याच दारात. आत दोन आज्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, शांतपणे पडद्याकडे बोट दाखवलं. दादा आजही तो किस्सा कोणी काढला की उठून बाल्कनीत जातो.

पडद्यावरचं अक्षर ओळखायचं सोपं आहे, पुरुषाच्या अक्षरात वर चार चौकोनांचं शेत आणि खाली ताकदीचं चिन्ह असतं. शेत दिसलं तर बाप्ये.

तिरपागडा
शेत दिसलं तर बाप्ये. सातबारा कोणाच्या नावावर हे इथेही ठरलेलं.

जाईजुई_पुणे
तिरपागडा, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

सांजवात_ठाणे
तर मंडळी, काल आईला सांगितलं. जेवताना, हळूच. ती आधी दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "काशीला गंगेत हजार लोकांसमोर बुडी मारलीये मी, पण अंगावर लुगडं होतं." मग पुन्हा भात कालवायला लागली. म्हणजे हो का नाही तेच कळत नाहीये. नवरा म्हणतो हे नव्वद टक्के हो आहे. बाबा तर काय, ते त्या माशांच्या काड्यांच्या फोटोवरच थांबलेत.

अजून एक. आईच्या हातावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि चार ठिपके, आजीने जत्रेत गोंदवलेलं. टॅटू असलेल्यांना घेत नाहीत म्हणे? आता ६६ वर्षांच्या बाईला त्या याकुझा गुंडांतली समजणार की काय!

सायतामाकर
मोठ्या शहरी स्नानगृहांत पाटी असते. डोंगरातल्या जुन्या सरायीत एवढ्याशा गोंदणाला सहसा कोणी काही म्हणत नाही, पण आरक्षण करताना विचारून ठेवा. कातडीच्या रंगाची पट्टी मिळते, ती लावली की प्रश्न मिटला.

लाज वाटत असेल तर काशिकिरी मिळतो का बघा, म्हणजे तासभर फक्त आपल्या कुटुंबासाठी राखीव कुंड. काही ठिकाणी खोलीलाच स्वतःचा उघडा कुंड असतो, पण त्याचा भाव ऐकून बाबांचा रक्तदाब अंघोळीआधीच वाढेल.

कोकमसार
युकाता, म्हणजे सरायीत मिळणारा सुती झगा, घालताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त प्रेताला घालतात. आमचा अख्खा ग्रुप फोटो प्रेतांचा आलाय.

घाटमाथा
उशिरा येतोय धाग्यावर. शाकाहाराचा प्रश्न सगळे र्योकानच्या स्वयंपाकघरात सोडवायला बघताय, तो तिथे सुटायचा नाही. तोजी हा शब्द कोणी काढला का? साताके सरदार उपचारासाठी आला होता असं वर आलंय, तीच तोजी. शेतीची कामं संपली की तोहोकूचे, म्हणजे ईशान्य जपानचे, शेतकरी आठ-पंधरा दिवस झऱ्यावर येऊन राहायचे, तांदूळ-मिसो घरून आणायचे आणि तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात शिजवून खायचे. ती सोय काही ठिकाणी अजून चालू आहे, जिसुइबु म्हणतात, स्वतः शिजवून खाणाऱ्यांचा विभाग. इवाते प्रांतात हानामाकीजवळ ओसावा ओन्सेन आहे, नदीकाठी, लाकडी, चालताना जमीन करकरते. लेखक केन्जी मियाझावा लहानपणी वडिलांबरोबर तिथे यायचा. स्वयंपाकघरात भांडीकुंडी आहेत, आणि गॅसला दहा येनचं नाणं टाकायचं, मग तो थोडा वेळ जळतो. गादी, रजई, शेगडी, सगळं सुटं सुटं भाड्याने. र्योकानच्या मानाने फारच स्वस्त. आजूबाजूला गुडघेदुखीवाले आजी-आजोबा, पर्यटक कमी. मी सात दिवस राहिलो होतो, शेवटच्या दिवशी समोरच्या खोलीतल्या आजोबांनी मला मुळ्याचं लोणचं बांधून दिलं.

न्यूतोहून परतताना मोरिओकावरूनच यावं लागतं, आणि शिन-हानामाकी त्याच मार्गावर आहे. एक रात्र इथे, एक रात्र तिथे.

चहा_कमी_साखर
हे मला तेव्हा कोणी का नाही सांगितलं?

घाटमाथा
तुम्ही धागा काढला नव्हता.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे जपानात जाऊन पुन्हा बाईनंच स्वयंपाक करायचा. वा रे सहल.

जाईजुई_पुणे
ठेचा भाऊंना अनुमोदन. सांजवात, खिचडी जावयाला करायला लावा.

घोडबंदर_लोकल
अकितात अस्वलं फार झालीयेत म्हणे, बातम्यांत बघितलं. तिकडे रात्री कुंडावर वगैरे...

सायतामाकर
हो, गेली काही वर्षं अस्वलांचे हल्ले खरंच वाढलेत, हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारीत बहुतेक झोपलेली असतात, तरी आवाराबाहेर अंधारात भटकू नका आणि सरायीची माणसं सांगतील ते ऐका. बर्फात तसंही कुठे जाणार. सातातली कुरोयु हिवाळ्यात बंद असते, बाकीच्या चालू.

सांजवात_ठाणे
घाटमाथा, तुम्ही कुठे होतात इतके दिवस. दोन रात्रींचं ठरलं. आता आल्यावरच लिहिते.

तिरपागडा
न लिहिता गायब होणाऱ्या धागाकर्त्यांची यादी माझ्याकडे आहे. बघू.

सांजवात_ठाणे
आले हो, तिरपागडा. गायब नाही झाले, जेटलॅग आणि कपड्यांचा वास घालवत होते. मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

न्यूतोला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि जवळजवळ अंधार. बसमधून उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, माझ्या डोक्यावरून वर. सरायीची गाडी आली. आणि पहिली गोष्ट म्हणजे वास. सडक्या अंड्याचा. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "अंडं खात नाही म्हणून सांगितलं होतं ना यांना?"

गवती छपराच्या खोल्या मिळाल्या नाहीत, मागच्या इमारतीत मिळाली, रॉकेलच्या शेगडीवर गरम. मी आणि आई बायकांच्या आतल्या स्नानगृहात गेलो. लाकडाची अंधारी खोली, एक पिवळा दिवा. आईने पाणी बघितलं आणि म्हणाली, हे कोणीतरी वापरून ठेवलंय, तळाशी काय तरी तरंगतंय बघ. पांढरे पापुद्रे. मी तिला सांगितलं की ते गंधकाचेच, त्याला पाण्याची फुलं म्हणतात, ते असलं म्हणजे पाणी अस्सल. ती म्हणाली, आमच्या बंबात पण असली फुलं यायची, तुझे बाबा महिन्यातून एकदा खरवडायचे.

त्या रात्री ती साडी नेसूनच काठावर बसली, पाय सोडून. मी आग्रह केला नाही. डॉक्टरांच्या सूचना बाबांना तोंडपाठ करून घेतल्या होत्या, जावई बरोबर होता, दोघं सात मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर, मोबाइलवर वेळ लावली होती की काय कोण जाणे.

जेवणाचं सांगते. सायतामाकरांनी खासगी निरोपातून जपानीत मजकूर लिहून दिला, त्याचे खरंच उपकार. तरी त्यांनी आधीच कळवलं होतं की सगळं जमणार नाही, जेवढं जमेल तेवढं करू. आईला भात, डोंगरातल्या रानभाज्या, उकडलेला कंद, आणि धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं, इबुरी गाक्को म्हणतात, ते तिला इतकं आवडलं की मेतकूट-भाताबरोबर सगळं संपवून माझ्या ताटातलंही घेतलं. धुरी दिलेल्या कैरीसारखं लागतं म्हणाली. मिसो सूपला हात लावला नाही. बाबांनी मासा डोक्यासकट संपवला आणि काडी आठवण म्हणून घेऊ का असं विचारत होते.

आणि मग पहाटे. पाच वाजता जाग आली तर शेजारची गादी रिकामी. मी घाबरून खाली धावले, कारण बर्फ, निसरडं, अस्वलं, सगळं एकदम आठवलं. बायकांच्या उघड्या कुंडात वाफेतून फक्त दोन डोकी दिसत होती. एक कोणी जपानी आजी, आणि दुसरी आमच्या मातोश्री. दोघींच्या डोक्यावर टॉवेलची घडी. वरून बर्फ पडतोय, आईच्या टॉवेलवर साचलाय. आजी आईचा हात पाण्याबाहेर धरून गोंदण बघत होती आणि आई तिला मराठीत सांगत होती की ही तुळस, हे वृंदावन, माझ्या आईने आळंदीला करून घेतलं, मी फार रडले होते. आजी "हाय, हाय" म्हणत होती. जपानीत हाय म्हणजे हो, पण आईला वाटलं ती हळहळतेय. मग आई अजूनच खुलून सांगायला लागली. पट्टी खोलीतच राहिली होती हे सांगायला नकोच.

मी विचारलं अगं एकटी कशी आलीस, उतरलीस कशी. तर म्हणे, अंधार होता, कोणी नव्हतं, आणि थंडी इतकी वाजत होती की लाज वाटायला वेळच मिळाला नाही. ही बाई नंतर आली.

रानभैरी
सांजवात!! वाचताना मलाच थंडी वाजली.

जाईजुई_पुणे
"हाय हाय" ला फुटले मी. ऑफिसात आहे.

चहा_कमी_साखर
ठीक आहे. मी परत जाणार नाही हे वाक्य मागे घेत नाही, पण ते मुळ्याचं लोणचं ऑनलाइन मिळतं का? आणि खिचडीचं काय झालं ते सांगा, मला त्यातच रस आहे.

सांजवात_ठाणे
तेच लिहायला बसले. त्याआधी मदत हवीये. आईची जोडवी आणि पैंजण काळेकुट्ट झालेत! काढून ठेवायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. सोन्याचं मंगळसूत्र बरं आहे असं वाटतंय. सोनाराकडे न्यावं का? आणि एक स्वेटर तीनदा धुतला तरी वास जात नाहीये.

सनावळीचा_शौकीन
गंधकयुक्त पाणी आणि चांदी, होणारच. सिल्व्हर सल्फाइडचा थर आहे. भांड्यात अॅल्युमिनियमची चमकदार बाजू वर करून कागद पसरा, त्यावर जोडवी, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमला जातं. घासून काढू नका, चांदी झिजते. खडे असतील तर मात्र सोनाराकडेच.

कोकमसार
उन्हवऱ्याला आमची आजी चांदीचं सगळं काढून माहेरच्या डब्यात ठेवायची, आता कळलं का. स्वेटर उन्हात आठ दिवस टांगा.

घाटमाथा
ओसावाला पोचलात का ते सांगा आधी.

सांजवात_ठाणे
पोचलो. खोली म्हणजे आमच्या गावच्या घरातली माडीच, सरकतं दार, बाहेर लांब पडवी, खाली नदी. न्यूतोला सगळे हळू आवाजात बोलत होते, इथे लोक पडवीत उभं राहून मोठ्याने गप्पा मारत होते, आईबाबांना एकदम घरी आल्यासारखं झालं. खरं सांगू का, मी पुन्हा गेले तर न्यूतोच्या पांढऱ्या पाण्यासाठी एक रात्र जाईन, पण चार रात्री इथे काढीन. पैसे वसूल झाले का विचारलं होतं मीच पहिल्या पोस्टमध्ये. न्यूतोचे झाले, काठोकाठ. ओसावाचे इतके कमी होते की नवऱ्याने पावती दोनदा वाचली.

स्वयंपाकघरात संध्याकाळी पाच-सहा जण होते. मुगाची डाळ, तांदूळ, हळद, हिंग ठाण्याहून नेलं होतं. हिंग काढल्यावर दोन जण लांब सरकले, काल आम्ही गंधकाला सरकलो होतो तसेच. फोडणी आईची, ढवळणं जावयाचं, आणि गॅसचं खातं बाबांकडे, दहा येनच्या नाण्यांची चळत हातात धरून उभे.

चहा_कमी_साखर
कुकर नेला होता?

सांजवात_ठाणे
नाही ना, तिथलं पातेलं. म्हणून तर वेळ लागला. डाळ अर्धी शिजली आणि बाबांची नाणी संपली, गॅस बंद. बाबा सुट्टे आणायला पळाले ते स्वागतकक्षात कोणाला तरी ठाण्याचा पत्ता समजावत बसले. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या डबीतून तीन नाणी टाकली, खिचडी झाल्यावर त्यांना वाटीभर दिली. त्यांनी चव घेतली, जाऊन सोया सॉस घेऊन आल्या आणि वरून ओतला. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. पण नंतर तिनेही थोडा घालून बघितला.